फळ पाहिलेले नाही

"फळ पाहू, मग बोलू."

कुणीही समोर एखादी फांदी धरली की त्यांचं हे वाक्य ठरलेलं. आधी ते पान उलटं करायचे. आपण सगळे पानाची वरची बाजू बघतो, ते खालची बघायचे. मग बुटाच्या काळ्या नाडीनं गळ्यात अडकवलेलं भिंग डोळ्याला लावायचे, फांदी भिंगाजवळ आणायचे आणि बराच वेळ न्याहाळायचे. समोरचा माणूस बिचारा नाव ऐकायला ताटकळत उभा. शेवटी भिंग खाली यायचं, फांदी परत हातात पडायची आणि वरून हे वाक्य. फांदीला फळ नसेल तर नाव मिळायचं नाही.

त्यांचं स्वतःचं नाव मी इथं लिहिणार नाही. नवी वनस्पती सापडली तर तिला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा, पण त्यानं तिला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्या शास्त्रात संकेत आहे. हा संकेत ते जगण्यातही पाळायचे. आमच्या विभागातल्या कुठल्याही पाटीवर त्यांचं नाव नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. सगळे त्यांना काकाजी म्हणायचे. मीही तेच म्हणते.

मी नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याकडे हर्बेरियम आहे, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. रानातून झाड आणायचं, रद्दीच्या कागदांत दाबून वाळवायचं, जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायचं आणि उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची: झाडाचं नाव, गाव, तारीख, कुणी आणलं. असे कागद आमच्याकडे लोखंडी कपाटांत छतापर्यंत रचलेले आहेत आणि सगळ्यांना डांबरगोळ्यांचा वास आहे. काकाजी ह्या कपाटांचे राखणदार होते. शिक्षण बी.एस्सी., पद लहान, आणि मी नोकरीला लागले तेव्हा ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. तरी रोज अकराला हजर. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणालाच त्यांना 'येऊ नका' म्हणायचं सुचलं नाही. मोठमोठ्या पदव्या घेतलेले आमचे लोक गुपचूप त्यांच्याकडे फांदी घेऊन जायचे, हेही सांगून टाकते.

मी जात्याच उतावळी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला एका कागदावर चुकीचं नाव दिसलं. पन्नाससाठ वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेलं. मी ओला कापूस घेतला आणि ती चिठ्ठी भिजवून सोडवायला बसले. काकाजी मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

"काय करून राहिल्या, मॅडम?"

"नाव चुकलं आहे, काकाजी. काढून राहिली."

"कोणी लिहिलं होतं?"

"कोणी का लिहिलं असेना. चूक ते चूक."

त्यांनी माझ्या हातातला कापूस घेतला. मी त्यांना रागावलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "चूक आहे तर बाजूले आपली चिठ्ठी लावा. सही करा, तारीख टाका. जुनी चिठ्ठी काढायची नाही. चुकला तो, पण होता नं! उन्हात गेला, झाड आणलं, जे दिसलं ते लिहिलं. त्याले काहून हाकलता?"

नंतर कळलं की हा त्यांच्या मनाचा नियम नव्हता, जगभरच्या हर्बेरियमांत असंच करतात. झाडाचं नाव बदलत जातं आणि कागदावर एकाखाली एक चिठ्ठ्या वाढत जातात. शेवटची चिठ्ठी आजचं नाव सांगते. पण आधी जे जे चुकले ते सगळे आपापल्या सहीनिशी तिथंच असतात. अर्धवट भिजलेली ती चिठ्ठी काकाजींनी टिपकागदानं दाबली, खळ लावून परत बसवली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

एरवी त्यांच्याइतका गमतीदार माणूस नाही. ते नंदनवनात राहायचे. तिथल्या एका बाईंनी कुठूनशी एक वेल आणली होती आणि गुळवेल समजून त्या रोज तिचा काढा पीत होत्या. एकदा शंका आली म्हणून त्यांनी काकाजींना फाटकाशी गाठलं. काकाजींनी पान उलटं केलं, भिंग लावलं आणि म्हणाले, "फळ पाहू, मग बोलू."

"फळ कधी येते?"

"उन्हाळ्यात."

"उन्हाळ्याले चार महिने आहेत! तवरिक काय पिऊ?"

"तवरिक चहा प्या जी."

माझ्या लग्नाच्या वेळचंही तेच. मुलगा बघून झाला, ठरत आलं, मी साखर घेऊन विभागात आले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी काकाजींना विचारलं, "कसा वाटला मुलगा?" त्यांनी साखर तोंडात टाकली आणि सांगितलं, "फळ पाहू, मग बोलू." विभाग पोट धरून हसला, मी मात्र मनातून चिडले. दोन वर्षांनी मुलीच्या बारशाला ते आले. पाळण्याजवळ वाकले, सवयीनं हात भिंगाकडे गेला, तो मागे घेतला. मग माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "आता बोलतो. चांगला आहे जावई." पण नाव ठेवायची वेळ झाली आणि बघते तर काकाजी नाहीत. न जेवताच निघून गेले होते. पाळण्यात नाव घेईपर्यंत थांबायला काय हरकत होती, असं माझ्या मनात आलं आणि ते बरेच दिवस राहिलं.

त्याचं कारण मला वाळल्या कागदांच्या एका घडीत सापडलं.

ज्या झाडांचं नाव लागत नाही, त्यांचे कागद आमच्याकडे शेवटच्या कपाटात ठेवतात. एकेका झाडाचे कागद जाड कागदाच्या घडीत असतात. ह्या घड्यांवर काकाजींच्या अक्षरात लिहिलेलं असायचं: 'अनोळखी'. एक दिवस काहीतरी शोधताना मी त्यातली एक घडी उघडली. आत एकाच झाडाचे आठनऊ कागद, वेगवेगळ्या वर्षांचे, सगळे हिंगण्याच्या पुढच्या एका टेकडीवरचे. झाड खुळखुळ्याचं होतं. खुळखुळा तुम्ही पाहिला असेल: पिवळ्या फुलांचं रानटी झुडूप, शेंग वाळली की आतल्या बिया सुट्या होतात आणि हलवली की वाजते. त्याच्या पुष्कळ जाती आहेत. ही मात्र मला कुठलीच वाटेना. पानं बोटाच्या पेराएवढी, फुलाखालचा पेला निराळाच. आणि एकाही कागदावर शेंग नाही.

सगळ्यात जुना कागद तळाशी होता. त्याच्या चिठ्ठीवर दोघांची हस्ताक्षरं होती. गाव आणि तारीख काकाजींची. 'कोणी आणले' ह्या रकान्यात मोठ्या, गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: 'वैशाली, वर्ग पाचवा, आणि बाबा'.

मी घडी घेऊन त्यांच्याकडे गेले. "काकाजी, हे काय आहे?"

त्यांनी घडी बंद केली आणि तिच्यावर हात ठेवला. "फळ नाही भेटलं," एवढंच म्हणाले.

बाकीचं मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे त्यांची पत्नी. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात डायलिसिस चालायचं. काकाजींना कॉलेजात काही काम निघालं की मी काकूंजवळ बसायला जायचे. एका हाताला नळ्या, दुसरा हात मोकळा, आणि चार तास घालवायचे. अशा वेळी माणूस बोलतो.

वैशाली त्यांची एकुलती एक. रविवारी बापासोबत रानात जायची. कुठलाही खुळखुळा दिसला की शेंग तोडून कानाशी न्यायची, हलवायची, आणि हा कसा वाजतो ते बापाला सांगायची. त्या टेकडीवरचं ते बुटकं झाड तिनंच पाहिलं. तेव्हा नुसती फुलं होती.

"घरी आली तर नाचून राहिली होती," काकू म्हणाल्या. "म्हणे आई, बाबाले नाही आलं ह्याचं नाव! बाबा म्हणते, शेंगा येऊ दे मंग पाहू. दिवाळी झाली की जाऊ, शेंग कशी वाजते ते पाहू. आणि दिवाळीच्या आत गेली पोरगी. कावीळ झाली होती. आठ दिवसांत संपलं सगळं."

मी त्यांचा मोकळा हात धरून बसले.

"शाळेच्या हजेरीतून नाव कापलं. रेशन कार्डावरचं तर हेच जाऊन कापून आले, नियम आहे म्हणे. आता तिचं नाव कुठीच लिहिलेलं नाही, बाई. माह्या तोंडातच तेवढं राहिलं. मी गेली की तेही गेलं."

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावरच मी ठरवलं की ह्या झाडाला नाव द्यायचं, आणि तेही लवकर.

काकाजींना पटवणं सोपं नव्हतं. झाड नवं आहे ह्याबद्दल त्यांनाही फारशी शंका नव्हती. तीस वर्षं त्यांनी पुस्तकं पालथी घातली होती, बाहेरच्या हर्बेरियमांना पत्रं लिहिली होती, असं पान आणि असं फूल कुठंच मिळालं नव्हतं. अडलं होतं ते शेंगेपाशी. ती टेकडी म्हणजे आसपासच्या गावांची गवताची जागा. दसरा-दिवाळीत विळे चालतात आणि गवताबरोबर सगळं कापलं जातं. शेंग धरायच्या आतच झाड कुणाच्या तरी गोठ्यात पोचलेलं असायचं. दरवर्षी ते जायचे, कामगारांना नेणाऱ्या कंपनीच्या बसमागून स्कूटर हाकत, आणि दरवर्षी रिकाम्या हातानं परत यायचे.

"फळ न पाहता नाव देणं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"काकाजी, पुष्कळांनी दिलं आहे. 'फळ पाहिलेले नाही' असं स्पष्ट लिहायचं, झालं."

"घाई काहून करता, मॅडम?"

तेव्हा मी ते बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले. "तुमच्याजवळ वेळ आहे, काकाजी. काकूंजवळ आहे का?"

ते उठून कपाटांच्या मधल्या बोळीत गेले. बऱ्याच वेळानं तिकडूनच आवाज आला, "लिहा."

पावसाळ्यात आम्ही दोघं टेकडीवर गेलो, ताजी फुलं आणली. त्यातला उत्तम कागद निवडून ठेवला. जिच्यावरून नाव दिलं जातं ती ही मूळ प्रत, ती लाल घडीत वेगळी ठेवायची पद्धत आहे. लेख मी लिहिला, चित्रं त्यांनी काढली आणि दिवाळीच्या आधी तो एका संशोधनपत्रिकेकडे गेला. झाडाचं नाव ठेवलं वैशालीवरून. बाईमाणसाच्या नावाला लॅटिनचा एक प्रत्यय लागतो, त्यामुळे ते 'वैशालीए' झालं.

डिसेंबरात एकदा मी दवाखान्यात डोकावले होते. काकाजी स्टुलावर बसले होते. काकूंनी डोळे मिटले होते आणि मोकळ्या हातानं कागदाची एक पुडी कानाशी धरली होती. चेहऱ्यावर हसू होतं. मला पाहताच काकाजींनी ती पुडी अलगद काढून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. औषधाची असेल, म्हणून मी विचारलं नाही. मला नेहमीसारखी परतायची घाई होती.

जानेवारीत लेखाची छपाईपूर्व प्रत तपासायला आली. ती घेऊन मी दवाखान्यातच गेले, कारण काकाजींची सही हवी होती. त्यांनी सगळं वाचलं. 'फळ पाहिलेले नाही' ह्या ओळीवर येऊन त्यांचं पेन थांबलं. किती वेळ थांबलं! मला तीनचं प्रॅक्टिकल होतं, खाली ऑटो उभा होता.

"काकाजी, काही चुकलं का?"

त्यांनी पलंगाकडे पाहिलं. काकूंना झोप लागली होती. मग त्यांनी सही केली. खाली तारीख टाकायची राहून गेली. काकाजी आणि तारीख विसरले, ह्याचं मला नवल वाटलं. बायकोच्या काळजीनं माणूस विसरतो, असं म्हणून मीच ती टाकली.

फेब्रुवारीत लेख छापून आला. काकूंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून काकाजींनी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. काकूंनी विचारलं, "हे पुढे 'ए' काय आहे?"

"तसा नियम आहे वं," काकाजी म्हणाले. "हाक मारल्यावानी."

"वैशाली ए," काकू हळूच म्हणाल्या. मग पुन्हा एकदा म्हणाल्या. त्यांनी ते पान उशीखाली ठेवून घेतलं. होळीच्या आधी त्या गेल्या आणि मला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून वेळेत झालं.

पुढच्या डिसेंबरात काकाजी एका सकाळी आले आणि माझ्या टेबलाजवळ उभे राहिले. "मॅडम, फळ भेटलं."

त्यांनी खिशातून कागदाचं पाकीट काढलं, उघडलं आणि चार वाळक्या शेंगा टेबलावर ठेवल्या. मी पाकिटाकडे पाहिलं नाही, शेंगांकडे पाहिलं. एक शेंग त्यांनी आधीच उकलली होती. तिच्यातली एक बी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि शेजारी एका जुन्या ग्रंथातलं चित्र उघडून ठेवलं. मी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

शेंग तीच, बी तीच. दक्षिणेतल्या डोंगरांवर होणारी एक जाती होती, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबानं नाव दिलेली. तिकडे ती कमरेएवढी होते, पानं मोठी. आमच्या टेकडीच्या मुरमाड मातीत ती खुरटली होती, पान-फूल बदललं होतं, म्हणून इतकी वर्षं ओळखू आली नव्हती. शेंग काही बदलली नव्हती. आणि एका झाडाला दोन नावं मिळाली, तर आधीचं नाव खरं, नंतरचं पडलं, हा आमच्या शास्त्रातला सगळ्यात कडक नियम आहे.

"काकाजी," मी दार लोटून घेतलं. "हे कोणाला माहीत आहे?"

"तुमाले आणि मले."

"मग राहू द्या ना. कोण जाते त्या टेकडीवर? पुढची पन्नास वर्षं कोणाच्या लक्षात येणार नाही. काकूंनी पाहिलं आहे ते नाव. राहू द्या."

"मी पाहिलं नं," काकाजी म्हणाले.

मी रडले. मी सांगितलं की चूक माझी आहे, मी घाई केली, तुमचा नियम मी मोडायला लावला. ते शांतपणे ऐकत होते. "तुमचं काही चुकलं नाही, मॅडम," ते म्हणाले. मला ती नुसती भलमनसाई वाटली.

त्यांनी चार ओळींची टीप लिहून त्याच पत्रिकेला पाठवली. ती छापून आली त्या दिवशी त्यांनी लाल घडी बाहेर काढली, मूळ कागद टेबलावर ठेवला आणि वैशालीच्या नावाच्या चिठ्ठीखाली नवी चिठ्ठी लावली. त्यावर साहेबानं दिलेलं जुनं नाव, सही, तारीख. चारही कडा बोटानं दाबल्या. एका बापानं मुलीचं नाव दुसऱ्यांदा कापलं. मला बघवेना, म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"इकडे या, मॅडम," त्यांनी बोलावलं. "हे पाहा. वरची चिठ्ठी आहे नं जागच्या जागी? आणि हे नाव आता खुळखुळ्याच्या कोण्या दुसऱ्या जातीले देता येत नाही. पडलं तरी तिचंच राहते. लाल घडी पण सुटत नाही. रेशन कार्डापेक्षा बरं आहे."

त्यानंतर दोन उन्हाळे काकाजी येत राहिले. दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस अकराला आले नाहीत. बाराला मी फोन केला, तो शेजारच्या बाईंनी उचलला, त्याच काढावाल्या. सकाळी अंगणात झाडांना पाणी घालता घालता ते बसले होते, ते उठलेच नाहीत. त्यांचं भिंग आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. बुटाची नाडी मी बदललेली नाही.

लाल घडी मात्र मी उघडली नाही. ते गेल्यावर तीन वर्षं उघडली नाही. घाईघाईत मी एका सरळ माणसाला खोट्यात पाडलं, म्हाताऱ्याला स्वतःच्या हातानं मुलीचं नाव खोडावं लागलं, हे मनातून जात नव्हतं. विद्यार्थ्यांना नामकरणाचे नियम शिकवताना 'आधीचे नाव खरे' हा नियम मी एका ओळीत उरकायचे.

ह्या वर्षी विभाग नव्या इमारतीत हलायचा होता. नेण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो काढायचा ठरलं. शेवटचं कपाट मी माझ्याकडे घेतलं. लाल घडी उघडली. वर मूळ कागद, त्याच्या दोन चिठ्ठ्यांसह. त्याच्या मागे आणखी एक कागद होता, तो मला माहीत नव्हता. त्याच्यावर झाड नव्हतं, मधोमध फक्त ते पाकीट चिकटवलेलं होतं. वेगळ्या दिवशी आणलेलं वेगळ्या कागदावर ठेवायचं, हाही त्यांचाच आग्रह.

पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'शेंगा चार, पक्व. टेकडी तीच. गवत कापणाऱ्या बाईने शेताच्या धुऱ्यावर एक झाड राखले.' खाली तारीख. डिसेंबर.

मी वर्ष वाचलं. पुन्हा वाचलं. भिंग काढून वाचलं. ते माझ्या टेबलावर शेंगा ठेवल्या त्या डिसेंबरचं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षाचं होतं. काकू होत्या तेव्हाचं. लेख छापून यायच्या दोन महिने आधीचं.

मी स्टुलावर बसले. 'फळ भेटलं,' ते म्हणाले होते. कधी भेटलं, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनी शेंग उकलून बी पाहिली नसेल, हे शक्यच नाही. नाव पडणार हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं असणार. 'फळ पाहिलेले नाही' ह्या ओळीवर पेन थांबलं तेव्हा फळ त्यांच्या खिशात होतं. आयुष्यात एकदा त्यांनी खोट्याखाली सही केली, ती काकूंकडे बघून केली, आणि तिच्याखाली तारीख घालायला त्यांचा हात धजला नाही. मग वर्षभर वाट पाहिली आणि सगळं दुरुस्त केलं. पाकिटावर दुसरी तारीख टाकली असती तर कुणालाही कधीच कळलं नसतं. पण तारीख खोटी लिहिणं त्यांना जमलं नाही.

चूक माझी नव्हती. इतकी वर्षं जो दगड मी उरावर घेऊन फिरले तो माझा नव्हताच. ते तर त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. ह्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि मी त्या डांबरगोळ्यांच्या वासात बसून हमसून हमसून रडले. गेलेल्या माणसावर एवढी माया आली तर ती ठेवायची कुठं?

मग मला दवाखान्यातली ती दुपार आठवली. मिटलेले डोळे, कानाशी धरलेली पुडी आणि ते हसू. दिवाळी झाली की शेंग कशी वाजते ते पाहू, असं त्या घरात ठरलं होतं. पोरीचं राहून गेलं ते आईनं ऐकलं होतं.

फोटो काढायच्या आधी मी तो कागद दोन्ही हातांनी उचलला, पाकीट कानाजवळ नेलं आणि हलकेच हलवलं. शेंगा अजून वाजत होत्या.